ब्लॅक फ्लॅगची माणसे का बदलत गेली आणि त्या बदलांनी आवाजाचे काय केले

ब्लॅक फ्लॅग या अमेरिकन हार्डकोअर पंक (रॉक संगीताचा अतिवेगवान, आक्रमक प्रकार) बँडमधील गायक आणि वादक इतक्या वेळा का बदलले, त्यांतला खरा संच कोणता समजावा, आणि आज त्या नावाने कार्यक्रम करणाऱ्या नव्या मुलांच्या बँडला ब्लॅक फ्लॅग म्हणावे का, असा हा प्रश्न आहे. मी अनेक वर्षे ड्रम्स वाजवतो आणि शिकवतो. द्रुत लयीत ठेका न घसरता कसा धरायचा हे विद्यार्थ्यांना दाखवताना या बँडच्या रेकॉर्ड मला वारंवार काढाव्या लागतात, त्यामुळे या प्रश्नाकडे मी वाद्यांच्या बाजूने पाहतो आणि उत्तरही त्याच बाजूने देतो.

या बँडचा इतिहास सहसा गायकांवरून सांगितला जातो : आधी कीथ मॉरिस, मग रॉन रेयेस, मग डेझ कडेना आणि शेवटी हेन्री रोलिन्स. ही विभागणी लक्षात ठेवायला सोपी आहे. परंतु ती कानाची दिशाभूल करते असे माझे ठाम मत आहे. गायक बदलल्याने ब्लॅक फ्लॅगच्या संगीताची जात फारशी बदलली नाही. ती बदलली बास (खर्जातले स्वर देणारी गिटार) आणि ड्रम्स वाजवणारी जोडी बदलली तेव्हा, आणि त्यातही सर्वांत मोठा बदल १९८३ मध्ये बासवादक चक डुकाउस्की बाहेर पडला तेव्हा झाला.

सुरुवात १९७६ मध्ये, लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला असलेल्या हर्मोसा बीच या किनाऱ्यावरच्या गावात झाली. गिटारवादक ग्रेग जिन याला लहानपणापासून हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनाचा, नाद होता आणि रेडिओच्या सुट्या उपकरणांचा टपालाने विक्रीचा धंदा त्याने किशोरवयातच सुरू केला होता. सॉलिड स्टेट ट्रान्समिटर्स या त्या धंद्याच्या आद्याक्षरांवरूनच पुढे त्याच्या रेकॉर्ड कंपनीला एसएसटी हे नाव मिळाले. जिन आणि मॉरिस यांनी उभ्या केलेल्या बँडचे पहिले नाव पॅनिक असे होते. त्या काळात त्यांना भरवशाचा बासवादक मिळत नव्हता आणि सराव अनेकदा बासशिवायच करावा लागत असे. ही अडचण बँडच्या पुढच्या सगळ्या इतिहासाला पुरली. खालच्या स्वरांची पोकळी भरून काढण्यासाठी जिनने आपली गिटारच जड, खर्जाकडे झुकणारी केली आणि त्याचा हा हात पुढे कधीच सुटला नाही. बासवादक असो वा नसो, गाण्याचा तळ आपल्याच हातात असला पाहिजे ही त्याची वृत्तीही इथेच घडली असावी असे मला वाटते.

डुकाउस्की १९७७ मध्ये आला. त्याचे मूळ नाव गॅरी मॅकडॅनियल, आणि त्याआधी तो वुर्म नावाच्या बँडमध्ये वाजवत असे. पॅनिक या नावाचा दुसरा एक बँड असल्याचे कळल्यावर जिनचा भाऊ, चित्रकार रेमंड पेटिबॉन याने ब्लॅक फ्लॅग हे नाव सुचवले आणि फडकत्या झेंड्याचा भास देणाऱ्या चार काळ्या उभ्या पट्ट्यांचे चिन्हही त्यानेच काढले. जानेवारी १९७८ मध्ये ध्वनिमुद्रित केलेली आणि वर्षभराने प्रसिद्ध झालेली 'नर्व्हस ब्रेकडाउन' ही चार गाण्यांची रेकॉर्ड जेमतेम पाच मिनिटांची आहे. तीवर ड्रम्स ब्रायन मिगडॉलचे आहेत. त्याच्यानंतर कोलंबियातून आलेला रॉबेर्तो व्हाल्व्हेर्दे, म्हणजे सर्वांना परिचित असलेला रोबो, ड्रम्सवर बसला. जिन, डुकाउस्की आणि रोबो हे तिघे साधारण १९७८ अखेरपासून १९८१ अखेरपर्यंत एकत्र राहिले आणि माझ्या लेखी ब्लॅक फ्लॅगचा पहिला कालखंड तो हाच. या तिघांच्या पुढ्यात गायक मात्र चार येऊन गेले.

मॉरिस १९७९ मध्ये बाहेर पडला. जिनची सरावाची पद्धत, म्हणजे आठवड्यातले बहुतेक दिवस आणि दिवसातले कित्येक तास तीच तीच गाणी घोटत राहणे, त्याला मानवणारी नव्हती. त्याचे स्वतःचे पिणेही त्या काळात बरेच वाढलेले होते. त्याने लगेच सर्कल जर्क्स हा बँड उभा केला. त्याच्या जागी आलेला रेयेस हा मुळात बँडचा चाहता होता. १९८० च्या सुरुवातीला रेडोंडो बीचच्या फ्लीटवुड या क्लबमध्ये प्रेक्षकांतील मारामारीला कंटाळून त्याने दोन गाण्यांनंतर मंच सोडला, तेव्हा उरलेल्या तिघांनी कार्यक्रम थांबवला नाही. 'लुई लुई' हे जुने गाणे ते लांबवत राहिले आणि प्रेक्षकांपैकी ज्याला वाटेल तो ध्वनिक्षेपकासमोर येऊन गात राहिला. बँडचा कणा कुठे होता हे दाखवणारा यापेक्षा चांगला प्रसंग मला माहीत नाही. 'जेलस अगेन' या रेकॉर्डसाठी रेयेस पुन्हा येऊन गाऊन गेला. लॉस एंजेलिसच्या पंक बँडांवर पेनेलोपी स्फीरिसने केलेल्या माहितीपटात दिसणारा ब्लॅक फ्लॅगही त्याच्याच काळातला आहे.

त्यानंतर डेझ कडेना आला. सॅव्हॉय या जॅझ कंपनीसाठी रेकॉर्ड काढणारे निर्माते ऑझी कडेना हे त्याचे वडील. त्याला गाण्याची तालीम नव्हती, आणि लांबलांबच्या दौऱ्यांत रोज रात्री घसा फाडून ओरडल्यावर तो आवाज टिकणे शक्यच नव्हते. हार्डकोअर गाणाऱ्या प्रत्येकाला हे सांगावेसे वाटते की ओरडणे हीसुद्धा श्वासाची विद्या आहे आणि ती न शिकता गाणारा गळा काही महिन्यांत बसतो. कडेनाने स्वतःच गिटारकडे वळण्याची इच्छा व्यक्त केली आणि बँड नव्या गायकाच्या शोधात निघाला.

१९८१ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमधल्या एका कार्यक्रमात वॉशिंग्टनचा हेन्री गारफील्ड नावाचा वीस वर्षांचा तरुण मंचावर चढला आणि 'क्लॉक्ड इन' हे गाणे बँडसोबत गायला. तो आइस्क्रीमच्या दुकानात व्यवस्थापक होता आणि स्टेट ऑफ अलर्ट या बँडमध्ये गात असे. थोड्याच दिवसांत त्याची रीतसर चाचणी झाली, त्याने नोकरी सोडली, रोलिन्स हे आडनाव घेतले आणि कॅलिफोर्नियाला येऊन दाखल झाला. १९८१ च्या अखेरीस आलेल्या 'डॅमेज्ड' या पहिल्या पूर्ण लांबीच्या रेकॉर्डवर रोलिन्स गातो, कडेना दुसरी गिटार वाजवतो आणि खाली डुकाउस्की व रोबो हीच जुनी जोडी आहे. रोबोच्या मनगटातल्या कड्यांचा खुळखुळाट काही ठिकाणी ध्वनिमुद्रणात उतरला आहे. ध्वनिमुद्रक स्पॉटने तो काढून टाकला नाही याचा मला ड्रमवादक म्हणून आनंद वाटतो, कारण हात किती उंचावरून खाली येतो आहे हे त्यातून ऐकू येते.

माझे म्हणणे तपासून पाहायचे असेल तर त्याची सोय बँडनेच करून ठेवली आहे. 'एव्हरीथिंग वेंट ब्लॅक' या संग्रहात 'डिप्रेशन', 'गिमी गिमी गिमी' आणि 'पोलिस स्टोरी' ही तीन गाणी मॉरिस, रेयेस आणि कडेना या तिघांच्याही आवाजात आहेत, आणि रोलिन्सच्या आवाजात तीच गाणी 'डॅमेज्ड'वर आहेत. ती ओळीने ऐकावीत. मॉरिसच्या गाण्यात चिडका उपहास आहे, रेयेसच्या गाण्यात घाई, कडेनाचा आवाज खरवडलेला आणि हताश आहे, रोलिन्सचा छातीतून येणारा. इतका फरक असूनही शेवटच्या तीन आवृत्त्यांत गाण्याचा सांगाडा तसूभर हललेला नाही, कारण रोबोचा हात आणि डुकाउस्कीची बोटे तीच आहेत. डुकाउस्की नुसता मूळ स्वर धरून बसणारा वादक नव्हता. तो ठोक्याच्या किंचित पुढे राहून सगळ्या बँडला ओढत नेतो. रोबो उलट ठोक्यावर घट्ट बसतो. या दोघांमधल्या ताणातूनच त्या काळातल्या ब्लॅक फ्लॅगची पुढे कोसळत असल्यासारखी गती निर्माण होते. केवळ वेग वाढवून ती येत नाही, हे माझ्या वर्गातल्या प्रत्येक उतावळ्या विद्यार्थ्याला या गाण्यांवरूनच समजावून द्यावे लागते.

डिसेंबर १९८१ मध्ये बँड ब्रिटनच्या दौऱ्यावर गेला आणि परतताना व्हिसाच्या अडचणीमुळे रोबोला अमेरिकेत येता आले नाही. पुढच्या सव्वा वर्षात ड्रम्सवर माणसे येत-जात राहिली. डिसेंडेंट्स या बँडचा बिल स्टीव्हन्सन अडीनडीला धावून आला, एमिल जॉन्सन काही महिने होता, आणि मग कॅनडाच्या डीओए बँडमधला चक बिस्किट्स आला. बिस्किट्ससोबत केलेली १९८२ ची कच्ची ध्वनिमुद्रणे अधिकृतपणे प्रसिद्ध झाली नाहीत, तरी चाहत्यांमध्ये ती हस्ते-परहस्ते फिरत राहिली. दोन गिटारी, डुकाउस्की आणि बिस्किट्स यांचा तो संच मला या बँडचा सर्वांत ताकदवान संच वाटतो. तो टिकला असता तर पुढच्या रेकॉर्ड निराळ्याच निघाल्या असत्या.

तो का टिकला नाही, याच्या उत्तरात न्यायालयाचाही वाटा आहे. 'डॅमेज्ड' ही रेकॉर्ड युनिकॉर्न या कंपनीबरोबर निघाली होती आणि तिचे वितरण एमसीए ही मोठी कंपनी करणार होती. परंतु ही रेकॉर्ड पालकांच्या विरोधात आहे असे सांगून एमसीएच्या वितरण प्रमुखाने ऐन वेळी हात काढून घेतला. पुढे युनिकॉर्न आणि एसएसटी यांच्यात दावे सुरू झाले आणि बँडला स्वतःच्या नावाने नवी रेकॉर्ड काढण्याची मनाई झाली. वर उल्लेखिलेला संग्रह म्हणूनच बँडच्या नावाशिवाय, केवळ वादकांच्या नावांनी काढला गेला. तरीही मनाई मोडल्याचा ठपका आलाच आणि न्यायालयाच्या अवमानाबद्दल जिन व डुकाउस्की या दोघांना पाच दिवस तुरुंगात काढावे लागले. नवी गाणी तयार आहेत, रोजचा सराव चालू आहे आणि रेकॉर्ड मात्र काढता येत नाही, अशा अवस्थेत पैसे नसलेला कोणताही बँड आतून कुरतडला जातो. १९८३ मध्ये कडेना स्वतःचा बँड काढण्यासाठी बाहेर पडला. त्याच वर्षी युनिकॉर्न दिवाळखोरीत गेली आणि वाट मोकळी झाली, परंतु तोवर डुकाउस्कीही बँडबाहेर होता.

डुकाउस्कीचे जाणे कोणत्याही भांडणाच्या प्रसंगापेक्षा मला वादनातल्या मतभेदाचा परिणाम वाटते. जिनला आता वेग नको होता. ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडसारखी संथ, जड लय त्याला हवी होती आणि पुढे ओढत नेणारा बासवादक त्या लयीत नेमका आड येतो. डुकाउस्कीचा ज्या गुणामुळे पहिला कालखंड उभा राहिला, तोच गुण दुसऱ्यात दोष ठरला. तो माणूस म्हणून मात्र दूर गेला नाही. एसएसटीत राहून त्याने बँडचे दौरे ठरवण्याचे काम चालू ठेवले. मार्च १९८४ मध्ये निघालेल्या 'माय वॉर' या रेकॉर्डचे शीर्षकगीत त्याचेच आहे, पण त्या रेकॉर्डवर तो वाजवत नाही. बासवादक म्हणून तिथे डेल निक्सन असे नाव छापले आहे आणि तो डेल निक्सन म्हणजे स्वतः जिन. बासवादकाशिवाय सराव करणारा १९७६ चा गिटारवादक आठ वर्षांनी पुन्हा त्याच जागी येऊन उभा राहिला होता, फरक इतकाच की या वेळी ती त्याची स्वतःची निवड होती.

'माय वॉर'ची दुसरी बाजू ही या सगळ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची वीसेक मिनिटे आहेत. तिथे तीनच गाणी आहेत, प्रत्येक सहा मिनिटांहून मोठे आणि जवळजवळ विलंबित म्हणावे इतके संथ. दीड मिनिटाच्या गाण्यांवर पोसलेल्या श्रोत्यांपैकी अनेकांना तो विश्वासघात वाटला. पुढे मेल्व्हिन्ससारख्या बँडांनी त्याच संथपणावर आपले घर बांधले. इथे ड्रम्सवर स्टीव्हन्सन आहे. अत्यंत वेगवान वादक म्हणून नाव मिळवलेल्या या माणसाकडून जिनने तासन्‌तास अतिशय धीम्या लयीत सराव करून घेतला. दोन ठोक्यांमधली रिकामी जागा न घाबरता रिकामी ठेवणे हे द्रुत वाजवण्याहून कितीतरी अवघड आहे. ती जागा भरून टाकण्याचा मोह आवरत नाही आणि लय नकळत चढते. 'माय वॉर'वर ती क्वचित चढते. स्टीव्हन्सनच्या वादनातली ही कमाई रोलिन्सच्या किंकाळ्यांखाली झाकली जाते, म्हणून मुद्दाम लक्ष देऊन ऐकावी.

रेकॉर्ड निघाली तोवर किरा रोस्लर बासवर आली होती. माझ्या दृष्टीने ब्लॅक फ्लॅगचा दुसरा खरा संच तो हा : जिन, रोलिन्स, किरा आणि स्टीव्हन्सन. ती त्या वेळी लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात शिकत होती आणि बँडचे दौरे तिच्या अभ्यासाच्या वेळापत्रकात बसवावे लागत. जिनला हव्या त्या जोराने वाजवण्याच्या प्रयत्नात सुरुवातीलाच तिच्या हाताला दुखापत झाली, तरी ती वाजवत राहिली. डुकाउस्की ओढत असे, तर किरा वाट पाहते. तिचे स्वर ठोक्याच्या मागच्या काठावर पडतात आणि त्यामुळे जिनच्या वेड्यावाकड्या गिटारला खाली भक्कम जमीन मिळते. १९८४ आणि १९८५ या दोन वर्षांत 'फॅमिली मॅन', 'स्लिप इट इन', 'लूज नट' आणि 'इन माय हेड' या रेकॉर्ड एकामागून एक आल्या. शिवाय 'द प्रोसेस ऑफ वीडिंग आउट' ही केवळ वाद्यांची रेकॉर्ड आली, जीत गायक नाहीच. रोलिन्स हा सर्वांत प्रसिद्ध गायक असताना बँड त्याला वगळून ब्लॅक फ्लॅगच्याच नावाने रेकॉर्ड काढतो आणि ती ऐकताना हा बँड कोणता अशी शंकाही येत नाही, यावरून गायकावर आधारलेल्या विभागणीचे काय करायचे ते वाचकांनी ठरवावे.

शेवटचे वर्ष थकव्याचे आहे. १९८५ मध्ये स्टीव्हन्सन गेला आणि अँथनी मार्टिनेझ आला, त्याच वर्षाच्या दौऱ्यानंतर किरा गेली आणि सेल रेव्हुएल्टा आला. रोलिन्स एकट्याने मंचावर बोलण्याचे स्वतंत्र कार्यक्रम करू लागला होता आणि जिनचे मन गॉन या आपल्या वाद्यसंगीताच्या दुसऱ्या बँडमध्ये गुंतले होते. २७ जून १९८६ रोजी डेट्रॉइटमध्ये अखेरचा कार्यक्रम झाला आणि काही आठवड्यांनी जिनने रोलिन्सला फोन करून आपण बँड सोडत असल्याचे कळवले. गॉनमध्ये जिनबरोबर वाजवणारे अँड्र्यू वाइस आणि सिम केन हे दोघे पुढे रोलिन्सच्या नव्या बँडचे बास आणि ड्रम्स झाले. रोलिन्सनेही सर्वांत आधी हवी ती जोडी उचलली.

माणसे का गेली याचे एकच कारण सांगायचे तर ते जिनची शिस्त हे आहे. रोजचा अखंड सराव, एसएसटीच्या कार्यालयात जमिनीवर झोपणे, वर्षातले कित्येक महिने व्हॅनमधून प्रवास आणि हाती अत्यल्प पैसे, यावर लॉस एंजेलिस पोलिसांचा ससेमिरा. हे सारे त्याने स्वतःही सोसले, म्हणून त्याच्याविषयी मला आदर आहे. परंतु नव्या दिशेला वळताना सोबत्यांना वळायला वेळ द्यावा हे त्याला जमले नाही, आणि गुणी माणसे गमावण्याची किंमत बँडने वारंवार मोजली.

नंतरचे प्रयत्न लवकर सांगता येतात. सप्टेंबर २००३ मध्ये हॉलिवूड पॅलेडियममध्ये मांजरांच्या संगोपनाच्या मदतीसाठी पुनर्मीलनाचे कार्यक्रम झाले. त्यांतल्या 'माय वॉर'च्या भागात स्केटबोर्डपटू माइक व्हॅलेली गायला आणि बास आधीच ध्वनिमुद्रित केलेला, म्हणजे पुन्हा डेल निक्सनचा होता. दुसऱ्या भागात कडेना, रोबो आणि रेव्हुएल्टा होते. २०१३ मध्ये तर एकाच वेळी दोन बँड उभे राहिले. एकीकडे जिनने रेयेसला परत आणून ब्लॅक फ्लॅग सुरू केला आणि 'व्हॉट द' ही रेकॉर्ड काढली. दुसरीकडे मॉरिस, डुकाउस्की, स्टीव्हन्सन, कडेना आणि डिसेंडेंट्सचा गिटारवादक स्टीफन एगर्टन यांनी फ्लॅग या नावाने तीच जुनी गाणी वाजवायला घेतली. जिनने दावा लावला, न्यायालयाने फ्लॅगला थांबवण्यास नकार दिला आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली. २०१३ च्याच नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे जिनच्या बँडचा कार्यक्रम चालू असतानाच रेयेसला मंचावरून बाजूला केले गेले आणि उरलेली गाणी व्हॅलेली गायला. पुढे अनेक वर्षे गायक तोच राहिला. २०२५ मध्ये जिनने गायिका मॅक्स झॅनेली, बासवादक डेव्हिड रॉड्रिगेझ आणि ड्रमर ब्राइस वेस्टन या तिघा तरुणांना घेऊन नवा संच जाहीर केला. त्याच वर्षी फ्लॅगही लास व्हेगासच्या पंक महोत्सवात पुन्हा एकत्र वाजवून गेला.

तर मग आजचा बँड ब्लॅक फ्लॅग आहे का? नाव, चिन्ह आणि बहुतेक गाणी यांच्या हिशोबाने आहे, आणि कॉलेजच्या वयाची मुले जिनसोबत उभी राहतात यात मला काहीच गैर दिसत नाही. १९८१ मध्ये रोलिन्सही त्याच वयाचा होता. परंतु १९८१ चा आवाज प्रत्यक्ष ऐकायचा असेल तर डुकाउस्की आणि स्टीव्हन्सन ज्या मंचावर आहेत तिथे जावे लागेल, मग त्या मंचावर जिन नसला तरी चालेल. नव्या संचाची परीक्षा मी एकाच गोष्टीवर करीन : रॉड्रिगेझ आणि वेस्टन यांना जिन किती वर्षे एकत्र ठेवतो. रोबो आणि डुकाउस्की यांना तीन वर्षे मिळाली होती, किरा आणि स्टीव्हन्सन यांना जेमतेम दीड.